रस्त्याच्या कडेची जवारी

मस्तगड, जालना
ता. ५ जून १९४३

दाजींना भुजंगाचा नमस्कार, अन् आक्काला त्याहून मोठा. तुमच्यासारख्या माणसाशी बारा वर्षं संसार केला म्हणून.

बातमी अशी की सरकारला तुमची दया आली आहे. हसू नका. लढाईपायी मुलखात धान्य कमी पडून राह्यलं, म्हणून हुकूम निघाला आहे. जो शेतकरी औंदा कपाशी सोडून त्याच रानात जवारी पेरेल, त्याला एकरी पाच रुपये इमदाद. हैदराबादचा हाली सिक्का, रोख, फेडायची न्हाई. अर्धी आषाढात, अर्धी साहेबांनी रान बघून मुआयना केल्यावर अश्विनात. शिवाय खताला शेंगदाण्याची पेंड अर्ध्या किमतीत.

हे काम आमच्या दफ्तराकडं आहे, अन् टेंभुर्णीचा हलका, म्हणजे तिकडची सगळी गावं, माझ्याकडं. तुमचं सोळा एकर बराबर सडकेला लागून. तुम्ही पेरली की गाव पेरतंय, हे मला माहीत आहे, कारण गावानं आजवर केलेले सगळे मूर्खपणे आधी तुम्ही करून दाखवलेले आहेत. सोळा पंचे ऐंशी रुपये, दाजी. बसल्या जागी.

अर्ज सोबत पाठवला आहे. अंगठा उठवू नका, सही करा. चौथीपर्यंत शिकल्याचं कुठंतरी दिसू द्या.

भुजंग

*

टेंभुर्णी
ज्येष्ठ शुद्ध एकादशी, शके १८६५

भुजंगराव मेव्हणे यांस रामरावचा आशीर्वाद. हाही फेडायचा न्हाई.

तुझं पत्र यायच्या आधीच तुझे पाच रुपये गावात आल्ते, अन् गेलेही. कसे, ते ऐक.

दवंडी झाली त्याच दिवशी पेंडवाल्यानं पोत्यामागं रुपया चढवला. मी म्हणलं, "का रे बाबा?" तर म्हणतो, "अर्धी किंमत सरकार देऊन राह्यलं, तुमच्या खिशाला काय धाड भरली?" दुसऱ्या दिवशी खुरपणीच्या बायांनी चार आण्याचे सहा आणे केले. त्यांचंही बराबर आहे, जवारीला खुरपण जास्ती. तिसऱ्या दिवशी आपल्या बांधाला लागून चतुराबाई आहे न्हाई का, नवरा वारल्यापासून एकटीच चार एकर खंडानं करती, तिचा मालक आल्ता. म्हणला, "औंदा खंड एकरी दोन रुपये वाढीव. तुला सरकार देणारच हाये." ती बिचारी माझ्याकडं येऊन विचारती, "दाजी, सरकारनं मला दिले का मालकाला?" (मी तुझा दाजी, पण आता सगळा गाव मला दाजीच म्हणतो. ही तुझ्या आक्काची कृपा.)

आता हिशोब तूच सांग. कपाशीला एकरी चाळीस सुटतात. जवारीला सरकारी भावानं पंचवीस, वर तुझे पाच. तीसच झाले. मंग मी दहा रुपये पदरचे घालून सरकारवर उपकार का करू? सरकार माझा मेव्हणा लागतो का?

अर्ज परत पाठवून राह्यलो. मागची बाजू कोरी होती, तिच्यावरच हे पत्र लिहिलं.

रामराव

*

जालना
ता. १९ जून १९४३

दाजी,

तुमचा हिशोब पोचला. चौथीच्या मानानं बरा आहे. सरकारी अर्जावर पत्र लिहिणं हा गुन्हा आहे, पण तो मी पोटात घातला.

आता थट्टा सोडून सांगतो. तीन वर्षं झाली, मी तात्पुरता कारकून आहे. महिन्याला अठरा रुपये, अन् दर सहा महिन्यांनी साहेबाच्या दारात उभं राहायचं, ठेवता का काढता म्हणून. ज्या कारकुनाच्या हलक्यात हजार एकर जवारी होईल तो कायम होणार, असं मददगार साहेबांनी सर्वांदेखत सांगितलं आहे. माझे आजवर झाले साडेतीनशे. टेंभुर्णी आली तर पुढची गावं आपोआप येतात.

आक्काला हे सांगू नका, तिला वाटतं मी कधीचाच कायम झालो. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना तसंच सांगितलं होतं, अन् ते तुम्हीच सांगितलं होतं.

दुसरा अर्ज पाठवतो. हा दोन्ही बाजूंनी छापलेला आहे.

तुमचा भुजंग

*

टेंभुर्णी
नागपंचमी

भुजंगराव,

आता खूश? सोळाच्या सोळा एकराला इमदाद लावली. पटवारी काकासाहेबांनी सडकेवर उभं राहून रान बघितलं, चहा पिला अन् कागद केला. पहिला हप्ता चाळीस रुपये परवाच हातात आला. चतुराबाईचे चार एकर घातले, माझ्या जिवलग कडूबाचे नऊ, माळावरच्यांचे सगळेच. दोनशे साठ एकर झाले म्हणत्यात काकासाहेब. लोकांना काय सांगायचं ते मी सांगतलं. कसं पेरायचं तेही सांगतलं.

जवारी अशी आली म्हणून सांगू! सडकेवरनं जाणारा माणूस बैल थांबवून बघतो. आत्ताच माझ्या छातीला लागली. अश्विनात तर हत्ती लपंल.

तुझी आक्का माझ्याशी चार दिवस बोलत न्हाई. का, ते विचारू नको. बायकांना शेतीतलं काय कळतंय.

साहेब मुआयन्याला येतील तवा आधी कळव म्हणजे झालं. पाहुणचाराची तयारी लागती.

रामराव

*

(कुरडयांच्या डब्यात, कडूबाच्या गाडीनं पाठवलेली चिठ्ठी)

भुजंगा, मी आक्का. तुझ्या पाटीवर शिकलेली चार अक्षरं हायेत, तीच गिरवून राह्यले.

तुझ्या दाजीनं बांधानं दहा दहा तासं, म्हंजे ओळी, जवारी पेरली अन् आत सगळी कपाशी. चारी बाजूंनी कूड घातल्यागत. सगळ्या गावाला तेच शिकवलं. मी म्हणलं, माझ्या भावाची नोकरी हाये. तर म्हणतो, तुझ्या भावाला सडकेवरून दिसलं म्हणजे झालं.

साहेबाला आत जाऊ देऊ नको. बोंडं फुटून राह्यलीत.

सोनू

*

जालना
ता. १४ ऑक्टोबर १९४३

दाजी,

आक्काची चिठ्ठी मला काल संध्याकाळी सापडली, कुरडया तळायला काढल्या तेव्हा. मुआयना झाला परवा. कुरडया परत डब्यात ठेवल्या.

तुम्ही जाफराबादच्या बाजाराला पळालात, म्हणून काय घडलं ते तुम्हाला ठाऊक न्हाई. गावात कुणी सांगणारही न्हाई, कारण सगळेच पळाले होते. तर ऐका.

साहेबांची मोटार दहाला आली. साहेब खाली उतरले, शेरवानी झटकली, तुमचं रान बघून म्हणाले, "माशाअल्ला! भुजंगराव, इसको कहते हैं जवारी!" माझी छाती अशी फुगली की बंडीची गुंडी तुटायची राह्यली. तुमचं नाव मी 'नमुनेदार शेतकरी' म्हणून लिहून घेतलं. दाजी, मी खरंच लिहून घेतलं.

एवढ्यात साहेबांच्या पोटात कळ आली. वाटेत कुणीतरी आग्रहानं ताक पाजलं होतं. साहेबांनी इकडं तिकडं बघितलं. सडकेला झाड न्हाई, आडोसा न्हाई. आडोसा एकच, तुमची जवारी. आक्का बांधाच्या धुऱ्यावर उभी होती. साहेबांनी तांब्या मागितला. आक्का म्हणाली, "साहेब, तिकडं नका जाऊ, साप निघून राह्यले." साहेब म्हणाले, "बाई, अब साप आये या शेर, जाना तो पडेगा." अन् आत शिरले.

मी बाहेर घड्याळ बघत उभा. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बाहेर आले ते शेरवानीला जागोजाग कापूस चिकटलेला, जणू गादी उसवून आतून निघाले.

"भुजंगराव, ये क्या है?"

"साहेब, जवारी."

"और मेरे बदनपर?"

मी म्हणलं, "जवारीमें थोडी कपास..."

"थोडी?" साहेब म्हणाले. "मैं जहां बैठा था वहांसे चारों तरफ कपासही कपास थी. इतनी तसल्लीसे मैंने जिंदगीमें कोई मुआयना नहीं किया."

 वाटलं, अठरा रुपये गेले. पण साहेब रागावले न्हाईत, हीच खरी भानगड. मोटारीत बसले, टेकून बसले अन् डोळे मिटून म्हणाले, "सकाळपासून हे तिसरं रान. आमचे हजार एकर आम्ही वर हैदराबादला लिहून पाठवले. वरच्यांनी त्याच्या वर पाठवले. आता न्हाई म्हणलं तर माझी बढती, तुझी कायमी, काकासाहेबांचा चहा, सगळंच गेलं. लिख दो: सडकसे मुआयना किया, जवारी उमदा."

मी लिहिलं. 

तुमचा दुसरा हप्ता मंजूर झाला. मी पुढच्या महिन्यात कायम होईन. अन् तरी, दाजी, तुमच्यावर माझा इतका राग आहे की दिवाळीला येणार न्हाई. मला आधी सांगायचं होतंत. मी न्हाई म्हणलो असतो, हेच तुमच्या मनात होतं ना? मला तरी काय माहीत, म्हणलो असतो का न्हाई ते.

भुजंग

*

टेंभुर्णी
अश्विन वद्य पंचमी

अरे भुजंगा,

तुझं पत्र चावडीत वाचून दाखवलं. माफ कर, पण कडूबा हसता हसता ओट्यावरून खाली पडला. पुन्हा वाच म्हणले, पुन्हा वाचलं.

राग कशाचा धरतो? सरकारला जवारी दिसली, तुला कायमी मिळाली, मला ऐंशी रुपये मिळाले, कापूस घरात आला. यात कुणाचं वाईट झालं ते सांग. चतुराबाईनं त्या वीस रुपयांत वाढीव खंड भरला, अन् राहिलेल्यातून शेळी घेतली. बाई पहिल्यांदाच हसताना बघितली मी.

दिवाळीला ये. तुझी आक्का आता बोलायला लागली, पण जे बोलती त्यापेक्षा नुसतं बसलेलं बरं होतं.

रामराव

*

टेंभुर्णी
मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

भुजंगराव,

जल्दीनं उत्तर दे. थट्टा न्हाई.

काल लेव्हीचे लोक आले. दर एकर जवारीमागं अर्धा पल्ला, म्हणजे साठ शेर, गल्ला सरकारात घालायचा, सरकारी भावानं. मी म्हणलं घाला की, माझी दीड-दोन एकरच जवारी, एक पल्ला घ्या. त्यांनी कागद काढला. कागदावर सोळा एकर. शेरा: 'जवारी उमदा'. खाली तुझी सही.

आठ पल्ले मागून राह्यले! माझ्या बांधाची सगळी कणसं मळली तरी पाच पल्ले झाले न्हाईत, अन् घरात सहा तोंडं. ती खायला ठेवून आठही पल्ले मी बाजारातून बावीस रुपये पल्ल्यानं विकत घ्यायची अन् सरकारला बारा रुपयांनी विकायची. इमदादीचे ऐंशी आले तसे निघाले, वर कापसाचेही जाऊन राह्यले.

हा कागद दुरुस्त करता येतो का? तुझ्याच हातचा आहे.

रामराव

*

जालना
ता. ११ डिसेंबर १९४३

रा. रा. रामरावजी यांस,

आपले पत्र मिळाले. मुआयन्यात नोंदलेले क्षेत्र कायम धरण्यात येते. लेव्हीचा महकमा वेगळा असून त्यांच्या कामात आमच्या दफ्तरास दखल देता येत नाही. नोंदीप्रमाणे धान्य शेतात नसल्यास त्याची जबाबदारी शेतकऱ्यावर राहील.

कळावे.

भुजंग, कायम कारकून

*

टेंभुर्णी
मार्गशीर्ष वद्य तृतीया

भुजंगा,

तुझा कागद मिळाला. 'रा. रा.' बघून तुझी आक्का म्हणली, "हे पत्र दुसऱ्या कुणाचं आहे, चुकून आपल्याकडं आलंय."

मी तुला पुन्हा लिहिणार नव्हतो. माझे आठ पल्ले मी भरले. काल बाजारातून घेऊन, कडूबाची गाडी करून, सरकारी कोठ्यात टाकून आलो. कपाशीचे जे सुटले त्यातलेही तिकडंच गेले. माझी अक्कल, माझा भुर्दंड. त्याचं मला काही न्हाई.

पण लेव्हीवाले आज चतुराबाईकडं गेल्ते. तिचे चार एकर कागदावर, म्हणजे दोन पल्ले. तिच्या कोपऱ्यातल्या कणगीत निघाली एक पल्ला अन् दोन पायल्या. वर्षाची खायची. ती सगळी नेली. राहिलेल्याच्या बदल्यात शेळी सोडून नेत होते, तवा ती शिपायाला म्हणली, "दादा, मी सरकारला फसवलं न्हाई. मला दाजीनं सांगतलं तसं पेरलं." शिपाई म्हणला, "मंग दाजीला घेऊन ये."

ती आली, भुजंगा. माझ्या दारात उभी राह्यली. भांडली न्हाई. रडली असती तरी चाललं असतं. नुसतं म्हणली, "दाजी, तुम्हाला बोलावलंय." मी चार पायल्या तिच्या पदरात घातल्या अन् कमी पडलेल्या पायल्यांचे पैसे भरून शेळी सोडवून आणली. पण अशी चौदा घरं हायेत गावात. सगळ्यांना मीच शिकवलं. आता वाटंनं जाताना लोक बोलत न्हाईत, अन् सगळ्यात जास्ती ज्याचं न बोलणं लागतं, तो कडूबा.

माझ्यापाशी आठ पल्ल्यांची ऐपत होती, म्हणून मला ती महागातली थट्टा वाटली. बाकीच्यांना न्हाई.

तू लिहिलंस की मुआयना कायम धरण्यात येतो. मंग पुन्हा मुआयना कर. तूच कर. आत शिरून.

रामराव

*

जालना
ता. १८ डिसेंबर १९४३

दाजी,

मी येत्या गुरुवारी येतो, साखळी घेऊन. मोजणीची. लोकांना सांगा, ज्याच्या त्याच्या रानात उभे राहा अन् जे आहे ते दाखवा. जवारीची धाटं किती अन् पऱ्हाटी किती, तास मोजून लिहितो. काकासाहेबांना म्हणावं, चहा घरी पिऊन या.

लोकांना हेही सांगा की कपाशीच्या रानावर उचललेली इमदाद परत करावी लागंल. फुकटचं किती महाग पडतं ते कळायला दुसरं औषध न्हाई.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. इमदादीच्या प्रत्येक अर्जाला एक जामीन लागत होता. टेंभुर्णीच्या दोनशे साठ एकरांना जामीन मीच आहे. खोटं निघालं तर पहिला मी. 'रा. रा.' लिहिणारा हात त्याच भीतीचा होता. आक्काला सांगा, ते पत्र खरंच दुसऱ्या कुणाचं होतं.

भुजंग

*

जालना
ता. ३ जानेवारी १९४४

दाजी, आक्का,

एकदम सांगतो म्हणजे दुखत न्हाई: मला काढलं.

गुरुवारी रात्रीपर्यंत तुमच्याकडं मोजलं ते तुम्ही पाह्यलंच. दोनशे साठातले एकोणचाळीस एकर जवारी. मी ते तसं लिहून साहेबांपुढं ठेवलं. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"भुजंगराव, तुम कायम हो गये थे."

"जी, साहेब. एक महिना."

"फिर ये क्यों?"

मी म्हणलं, "साहेब, लोक कागदावरची जवारी खाऊ शकत न्हाईत, अन् लेव्हीवाले खऱ्या पोत्याशिवाय घेत न्हाईत."

साहेबांनी टाक दौतीत बुडवला. मंग म्हणाले, "मेरी भी तरक्की गयी." पण सही केली. वाईट माणूस न्हाई. पोट बिघडलं नसतं तर तोही आत शिरला नसता, अन् मीही न्हाई, हे मात्र खरं.

हुकूम असा: लेव्ही खऱ्या एकरांवर. जादा घेतलेला गल्ला परत. चौदा घरांचा परत येईल, मी स्वतः यादी लेव्हीच्या दफ्तरात देऊन आलो अन् शिक्का घेतला. इमदाद जेवढी खोटी तेवढी संक्रांतीपर्यंत भरायची, न्हाईतर जामिनाकडून वसूल. जामीन म्हणजे हा बेकार इसम.

बायको म्हणाली, "कायम झालात म्हणून पेढे वाटले, आता काय वाटायचं?" मी म्हणलं, कुरडया आहेत डब्यात.

भुजंग

*

टेंभुर्णी
पौष वद्य दशमी

भुजंगा,

संक्रांतीपर्यंतची मुदत होती, मी आदल्या दिवशीच तहसिलीत जाऊन भरून आलो. सगळ्यांची. एकरी कुणी चार दिले, कुणी पाच, चतुराबाईनं शेळी विकायला काढली तवा तुझ्या आक्कानं तिला घरात बोलावून बसवलं अन् मला म्हणली, "तुम्ही शिकवलं, तुम्ही भरा." राहिलेलं मी भरलं. तुझ्यावर एक पैसा न्हाई. पावती जपून ठेवली.

आता ऐक, वर्षभराचं काय झालं ते. पेंडवाल्यानं रुपया चढवला तो परत उतरवला न्हाई. बायांचे सहा आणे सहाच राह्यले, अन् ते राहावेतच. चतुराबाईच्या मालकाला मी चावडीत सर्वांसमोर विचारलं, "इमदाद परत गेली, आता वाढीव खंड कशाचा?" तो म्हणला, "एकदा वाढला तो वाढला." कडूबा उठून उभा राह्यला. महिन्यानंतर त्याचा आवाज ऐकला मी. म्हणला, "मंग तुझे चार एकर तूच वखर. बघू गावातलं कोण करतंय." मालकानं दोन रुपये उतरवले. परत येताना कडूबा माझ्याशी बोलला. बोलला म्हणजे शिवी दिली, पण माझ्याकडं बघून दिली.

मला हातात काय उरलं विचारशील, तर मागच्या सालाइतकंच. एवढा खटाटोप करून तेवढंच.

तुझ्या नोकरीचं मी काय बोलू? तू दिवाळीला आला न्हाईस, ते बराबर केलं. आता ये. मी माफी मागत न्हाई, माझ्या घराण्यात ती रीत न्हाई. पण आक्कानं तुझ्यासाठी घोंगडी काढून ठेवली, अन् ती मीच उन्हात टाकली.

रामराव

*

जालना
ता. ९ फेब्रुवारी १९४४

दाजी,

तुम्हाला वाटत असंल मेव्हणा उपाशी. तर मेव्हण्याला पस्तीस रुपये पगार लागला.

झालं असं. इथल्या एका जिनिंगच्या शेठनं बोलावलं. बसवलं, पान दिलं अन् म्हणाला, "भुजंगराव, सरकार म्हणतं औंदा तिकडं कपाशी न्हाईच. तुम्ही आत शिरून मोजली म्हणतात. कुणाच्या रानात किती, सांगाल का?" मी म्हणलं, "शेठ, एकर अन् तास, दोन्ही सांगतो." दाजी, जी माहिती दिली म्हणून सरकारनं मला काढलं, तीच माहिती घ्यायला शेठनं जवळजवळ दुप्पट पगार दिला. खोटं लिहिलं असतं तर आजही अठरा रुपयांवर असतो, कायम.

तुमच्या कपाशीच्या दोन गाड्या परवा वजनाला आल्या. काट्यावर मी होतो. तुम्ही मला बघून मिशीवर हात फिरवला, ते मी पाह्यलं. अन् तळाच्या दोन बोचक्यांत पाणी शिंपडलेलं होतं, तेही पाह्यलं. म्हणून सहा शेर कापले. नातं काट्याच्या खाली उतरल्यावर.

आक्काला नमस्कार. घोंगडी घेऊन येतोच.

भुजंग

*

टेंभुर्णी
ज्येष्ठ वद्य तृतीया, शके १८६६

भुजंगराव,

सहा शेर कापलेस ते मी विसरलो न्हाई. तुझी आक्का म्हणती, "बराबर केलं, आठ कापायला पाहिजे होते." ह्या घरात माझ्या बाजूनं फक्त बैल हायेत.

शेठला म्हणावं, टेंभुर्णीत औंदा अर्धी कपाशी, अर्धी जवारी. सगळ्यांनी आपापल्या घरात बसून ठरवलं. मला कुणी विचारलं न्हाई. पहिल्यांदा जरा लागलं, मंग हायसं वाटलं.

कालची गोष्ट सांगतो. मी तिफण जुंपून राह्यलो होतो, तवा चतुराबाई बांधावर आली. डोक्यावर बियाण्याची पाटी. म्हणली, "दाजी, औंदा सरकार काय देऊन राह्यलं?"

"काहीच न्हाई."

"बिलकुल काही न्हाई?"

"बिलकुल न्हाई. पाटीत काय हाये?"

"जवारी. चारी एकराला. धुऱ्यावर बी तीच, मधी बी तीच." माझ्याकडं जरा वेळ बघून राह्यली, मी खरं सांगतोय का खोटं, ते तपासत असल्यागत. मंग पाटी खाली ठेवली, पदर खोचला अन् म्हणली, "काहीच देत न्हाई म्हणता, तर मंग पेरतेच."

रामराव